सोसायटी चालवणारा माणूस कसा हवा?

सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी घोडबंदर रोडच्या किंवा नेरूळ-कोपरखैरण्याच्या कुठल्याही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये डोकावा. गाड्या बाहेर काढलेल्या, प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चार रांगा, त्यातल्या पहिल्या दोन रिकाम्या, मागे हाताची घडी घालून उभी असलेली मंडळी आणि पुढे टेबलाशी घाम पुसत फाइल चाळणारा सेक्रेटरी. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणून सगळ्यांच्या सभा त्याच तीन-चार रविवारी. नेतृत्व कसं असतं आणि कुठे फसतं हे जवळून बघायचं तर याहून बरी जागा नाही.

कारण इथल्या पुढाऱ्याच्या हातात काहीच नसतं. कुणाचा पगार वाढवता येत नाही, कुणाची बदली करता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ प्रमाणे अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा. म्हणजे ज्यांना शिस्त लावायची तेच मालक. ज्याला काल थकबाकीची नोटीस दिली, तोच आज सकाळी लिफ्टमध्ये शेजारी उभा असतो. अशा ठिकाणी दरारा चालत नाही आणि गोड बोलणं दोन-तीन महिन्यांपलीकडे पुरत नाही. पुरते ती एक सवय: लोकांनी विचारायच्या आधी आकडा आणि त्यामागचं कारण त्यांच्यासमोर ठेवायची. ऐकून घेणं, ठामपणा, निःपक्षपातीपणा वगैरे जे गुण आपण मोजतो, ते या सवयीशिवाय कुणाला दिसतच नाहीत.

एक खुलासा आधीच. इथे सांगितलेले नियम सहकारी गृहनिर्माण संस्थांचे आणि बहुतेक आदर्श उपविधींतले, म्हणजे अशा संस्थांसाठी तयार केलेल्या नमुना नियमावलीतले आहेत. नवी मुंबईत सिडकोच्या बऱ्याच वसाहतींत अपार्टमेंट ओनर्स असोसिएशन असतात, त्यांना १९७० चा वेगळा कायदा लागतो. आणि तुमच्या सोसायटीने मंजूर केलेल्या उपविधींत एखादी गोष्ट वेगळी असू शकते. ते पुस्तक सोसायटीच्या कपाटात असतं. सेक्रेटरी होण्याआधी ते सलग वाचलेला माणूस मात्र सहसा सापडत नाही.

पाण्याचा हिशेब

समजा, ८० फ्लॅटची सोसायटी आहे, फ्लॅटमागे सरासरी चार माणसं. शहरातल्या पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. ८० गुणिले ४ गुणिले १३५, म्हणजे ४३,२०० लिटर. पालिकेच्या मीटरवर रोज सरासरी ३०,००० लिटर येतंय. तूट १३,२०० लिटरची. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर तीन दिवसांत चार टँकर.

इथे माणसाची पारख होते. एक सेक्रेटरी ग्रुपवर ‘कृपया पाणी जपून वापरा’ असं टाकतो आणि हात जोडलेलं चित्र लावतो. दुसरा गुपचूप टँकर मागवतो, खर्च बिलात चढवतो. दोन महिन्यांत टँकरवाल्याशी त्याचं साटंलोटं असल्याची कुजबुज सुरू होते आणि तो दुखावला जातो. दोघेही वाईट नाहीत. दोघांनीही मोजलं नाही, एवढंच.

तिसरा काय करतो? रात्री एक वाजता पंप आणि टाकीत येणारं पाणी बंद करायला लावतो, गच्चीवरच्या टाकीत पट्टी बुडवून पातळी लिहून घेतो, आणि चार वाजता पुन्हा. टाकी ५ मीटर बाय ४ मीटर असेल तर पातळी एक सेंटिमीटर उतरली की २०० लिटर गेले. सगळी बिल्डिंग झोपलेली असताना पातळी फारशी हलायला नको. ती १० सेंटिमीटर उतरली, तर तीन तासांत २,००० लिटर गेलं. त्याच वेगाने दिवसाला १६,०००. रात्रीचा थोडा वापर वजा केला तरी जवळपास सगळी तूट तिथेच सापडते.

मग विंगवार मोजायचं, म्हणजे गळती कुठल्या टाकीखाली आहे ते कळतं. बहुतेक वेळा चोर असतो संडासातला फ्लश टँक. त्याचा आवाज येत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. टँकमध्ये खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर वॉशर गेलाय. सोसायटीने एकदा प्लंबर लावून सगळ्या फ्लॅटचे वॉशर बदलून घेतले तर तो खर्च टँकरच्या पुढे किरकोळ ठरतो. एरवी राहतो तो बिघडलेला बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा नळ, आणि त्यामुळे वाहणारा ओव्हरफ्लो. आणि जमिनीखालच्या टाकीला तडा गेला असेल तर तो वेगळा उद्योग.

यानंतर नोटीस बोर्डावर एकच कागद लागतो: रोजची गरज, रोजची आवक, रात्रीची मोजणी, किती वॉशर बदलले, टँकर किती कमी झाले. त्या कागदाखाली कुणी साटंलोटं लिहीत नाही.

नकोशी गोष्ट लवकर सांगणं

चांगल्या आणि लोकप्रिय सेक्रेटरीत फरक पडतो तो निधीपाशी. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी) दरवर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधी किमान ०.७५ टक्के घ्यायचा असतो. बांधकाम खर्च म्हणजे जमिनीचा वाटा सोडून. तो २० लाख धरला तर सिंकिंग फंडाचे वर्षाला ५,००० आणि दुरुस्ती निधीचे १५,०००, एकूण महिन्याला सुमारे १,६७० रुपये.

कित्येक सोसायट्यांत या दोन रकान्यांत मिळून दोन-तीनशे रुपये दिसतात. ‘आमच्या काळात मेंटेनन्स वाढू दिला नाही’ असं अभिमानाने सांगणारे माजी अध्यक्ष त्याच सोसायट्यांत भेटतात. मग बिल्डिंग पंचविशीला येते, कॉलममधल्या सळ्या गंजून फुगतात, काँक्रीटचा पापुद्रा सुटतो, आणि एका सभेत प्रत्येकी दीड-दोन लाखांची मागणी येते. निवृत्त माणसाने ती कुठून आणायची? वाढवायचं ते दरवर्षी थोडं, आणि कशासाठी ते तक्त्यासकट: लिफ्टचे दोर कधी बदलावे लागतील, बाहेरचा रंग कधी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी.

स्ट्रक्चरल ऑडिटचंही, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचंही तेच. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, तीस ओलांडली की तीन वर्षांतून एकदा. अहवालात काहीतरी निघेल म्हणून तो टाळणारे सेक्रेटरी असतात. निघणारच. ठाणे पालिका दरवर्षी पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी काढते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची; सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची; सी-२बी रिकामी न करता दुरुस्त करायची; सी-३ म्हणजे किरकोळ डागडुजी. सी-३ असताना जे काम थोडक्यात भागतं, ते सी-२ए होईपर्यंत थांबलं की ८० कुटुंबांना भाड्याची घरं शोधावी लागतात. ठाण्यात किंवा वाशीत ती किती आणि कुठे मिळतात ते सांगायला नको.

आधी बघा, मग बोला

‘वरच्यांच्या बाथरूममधून गळतंय.’ ही सोसायटीतली सगळ्यात जुनी तक्रार. ऐकल्या ऐकल्या वरच्यांना फोन लावणारा सेक्रेटरी पुढची दोन वर्षं दोन्ही घरांचा शत्रू होतो.

तक्रार लेखी घ्यायची, तिला क्रमांक द्यायचा. मग दोन्ही घरांतल्यांसमोर तीन प्रश्न. ओल फक्त पावसाळ्यात येते का? तसं असेल तर बाहेरच्या भिंतीला तडा, खिडकीची कड किंवा पावसाळी पाइपचा सांधा बघा. ओल बारा महिने, रात्रंदिवस सारखी असते का? मग भिंतीतला दाबाच्या पाण्याचा पाइप फुटलेला असू शकतो. वरच्या घराचा कॉक रात्रभर बंद ठेवून बघा. आणि आंघोळी झाल्या की दोन-तीन तासांनी थेंब वाढतात का? मग न्हाणीचा ट्रॅप (जाळीखालचं, पाणी जायचं भांडं) किंवा फरशीखालचं वॉटरप्रूफिंग. ट्रॅपमध्ये रंगीत पाणी ओतून दुसऱ्या दिवशी खालचं छत बघितलं की वाद संपतो. निदान गळतीबद्दलचा तरी.

पैसे कुणाचे, तेही भांडणाआधी लिहिलेलं आहे. गच्ची आणि बाहेरच्या भिंतीतून येणारी गळती सोसायटीची. संडास, मोरी, सिंक यांची अंतर्गत गळती त्या सभासदाची. समितीने तक्रारीवर पुढच्या सभेत निर्णय घ्यावा आणि त्यानंतर १५ दिवसांत तक्रारदाराला कळवावं, असं उपविधी सांगतात. निर्णय ‘हे काम सोसायटीचं नाही’ असा असला तरी लेखी कळवा. माणसाला नकारापेक्षा शांततेचा राग जास्त येतो, आणि मग तो राग ग्रुपवर निघतो.

तीन कोटेशनचा घोळ

खर्चाचं काम निघालं की सगळे म्हणतात, तीन कोटेशन घ्या. घेतात. गच्चीचं एकाचं कोटेशन ब्रिकबॅट कोब्याचं, म्हणजे विटांच्या तुकड्यांच्या थराचं, दुसऱ्याचं फक्त केमिकल कोटिंगचं, तिसऱ्याने कठड्याच्या भिंती धरलेल्या आणि डेब्रिज (राडारोडा) उचलण्याचा खर्च सोडलेला. हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून ‘सगळ्यात स्वस्त’ निवडणं म्हणजे आंबा, फणस आणि करवंदाचा भाव विचारण्यासारखं आहे.

आधी कामाचा तक्ता आपण करायचा, शक्य तर इंजिनिअरकडून: क्षेत्रफळ किती, जुना थर काढायचा का, उतार किती, कठड्याला किती उंचीपर्यंत, डेब्रिज कुणी उचलायचं, हमी किती वर्षांची आणि कशाची. तोच तक्ता तिघांना द्यायचा, पाकिटं समितीसमोर एकाच दिवशी उघडायची. पैसे टप्प्यांत. काम झाल्यावर पावसाळी पाइपांची तोंडं बंद करून गच्चीत दोन-तीन दिवस पाणी साठवून ठेवायचं आणि वरच्या मजल्याची छतं बघायची. दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवली तर कंत्राटदार जुलैमध्येही फोन उचलतो.

समितीला स्वतःच्या अधिकारात दुरुस्तीवर खर्च करायला मर्यादा आहे: २५ सभासदांपर्यंत २५,००० रुपये, २६ ते ५० सभासदांना ५०,०००, त्याहून मोठ्या सोसायटीला एक लाख. पुढचं सर्वसाधारण सभेला विचारून. एकच काम ९० हजारांच्या तीन बिलांत तोडून ही मर्यादा चुकवणारे असतात. काम चोख झालं तरी त्या सेक्रेटरीवरचा विश्वास तिथे संपतो, कारण पुढच्या वेळी लोक काम बघत नाहीत, बिलं बघतात.

सभेतला ओरडणारा माणूस

वार्षिक सभेची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी, विशेष सभेची ५ दिवस आधी. गणसंख्या एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातली कमी असेल ती. अर्ध्या तासात तेवढी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब. तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही. म्हणून कित्येक ठिकाणी अर्ध्या तासाने तिथेच, दहा माणसांत लाखोंचे ठराव होतात. कायद्यात बसतं. पण मोठ्या खर्चाचा ठराव दहा जणांनी वर केलेल्या हातांवर करणारा सेक्रेटरी उरलेल्या सत्तर घरांना ‘आम्हाला विचारलंच नाही’ म्हणायची मुभा आयती देतो. असा विषय असेल तर विंगेतल्या लोकांना आधी भेटा, शंका लिहून घ्या, उत्तरं नोटिशीबरोबर जोडा.

मोठा विषय अजेंड्यावर दुसरा किंवा तिसरा ठेवावा. शेवटी ठेवला की अर्धे लोक जेवायला गेलेले असतात. आणि ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ यात पैशाचा निर्णय घेऊ नये. तिथे सूचना ऐकाव्या, ठराव पुढच्या सभेत.

ओरडणारा माणूस प्रत्येक सोसायटीत एक असतोच. त्याला गप्प करायचा प्रयत्न केला की दहा मिनिटांची करमणूक होते आणि विषय बाजूला पडतो. त्याचा मुद्दा मोठ्याने पुन्हा वाचून दाखवा, ‘काका, असंच म्हणायचंय ना?’ असं विचारा, आणि सगळ्यांसमोर इतिवृत्तात लिहून घ्या. विरोध असेल तर नावासकट लिहा. आपलं म्हणणं वहीत गेलं हे दिसलं की आवाज पुष्कळदा आपोआप खाली येतो. आणि पुष्कळदा त्याच्या म्हणण्यात तथ्यही असतं. ते मान्य करायला जड जातं, पण करावं.

इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहावं. दोन महिन्यांनी लिहिलेलं इतिवृत्त म्हणजे सेक्रेटरीला जे व्हायला हवं होतं ते.

सगळ्यांना सारखं ‘नाही’

तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, आम्ही का द्यावं? उत्तर आहे: लिफ्टचा खर्च त्या इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असतो, वापरा अथवा नका वापरू. सेवाशुल्कही सगळ्या फ्लॅटना समान, क्षेत्रफळावर नाही. फ्लॅट भाड्याने दिला तर बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. ‘भाडेकरू नकोत’ म्हणून दोन-तीन हजार लावता येत नाहीत. हे नियम मंडळींना आवडतात ते दुसऱ्याला लावले तर.

थकबाकीदाराचं पाणी तोडणं हा सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात चुकीचा उपाय. ते बेकायदेशीर आहे. वर थकबाकीदारच फिर्यादी होऊन बसतो. नीट रस्ता कंटाळवाणा आहे: दर महिन्याच्या बिलावर थकबाकी, मग लेखी नोटीस, मग समितीचा ठराव, आणि मग सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज. अर्जाला बिलांच्या प्रती, खातेउतारा, नोटिशीची पोच लागते. ज्याने कागद ठेवले नाहीत त्याचा अर्ज तिथेच अडकतो. नोकरी गेली किंवा घरात आजारपण आहे म्हणून थकलं असेल तर हप्ते बांधून द्या, पण तेही ठराव करून, म्हणजे उद्या तीच अडचण आलेल्या दुसऱ्यालाही तेच मिळेल. अध्यक्षांच्या मित्राला एक न्याय आणि वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या मालकाला दुसरा, एवढं एकदा दिसलं की पुढची नोटीस कुणी मनावर घेत नाही.

एकट्याने सगळं करणारा

शेवटी त्या माणसाबद्दल, ज्याचं सगळे कौतुक करतात. बारा वर्षं सेक्रेटरी, पंपवाल्यापासून पालिकेच्या वॉर्ड ऑफिसपर्यंत सगळं स्वतः. किल्ल्या त्याच्याकडे, बँकेचा पासवर्ड त्याच्याकडे, लिफ्टच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) तारीख त्याच्या डोक्यात. तो मुलाकडे पुण्याला गेला की बिल्डिंग आंधळी होते. त्याने कष्ट खूप केले, पण सोसायटी उभी केली नाही.

शंभरपर्यंत सभासद असतील तर समिती ११ जणांची असते, त्यात दोन जागा महिलांच्या. अकरा जणांना अकरा कामं देता येतात. पाणी एकाकडे, लिफ्ट आणि वीज एकाकडे, वसुली दोघांकडे, कारण वसुली एकट्याने केली की तो एकटाच वाईट होतो. वर्षाचं कॅलेंडर सगळ्यांना दिसेल असं लावा. जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणेचा फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, परवानाधारक एजन्सीकडून. मे महिन्यात गच्चीतल्या पाइपांची तोंडं मोकळी करणं आणि झाडांच्या फांद्यांसाठी पालिकेची परवानगी. ३१ जुलैपर्यंत ऑडिट. ३० सप्टेंबरच्या आत सभा. वर्षातून दोनदा टाक्या धुणं. समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा, मग विषय दोनच असले तरी.

मुदत पाच वर्षांची असते. सोडून जाताना नव्या समितीला लेखी ताबा द्यायचा: सभासदांच्या आय आणि जे नोंदवह्या, इतिवृत्ताच्या वह्या, शेअर सर्टिफिकेटची नोंदवही, मंजूर नकाशे, भोगवटा प्रमाणपत्र, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर झाल्याचा दस्त) किंवा सिडकोच्या भाडेपट्ट्याची कागदपत्रं, एएमसीचे करार, बँकेची अधिकारपत्रं, चालू तक्रारींची यादी. आणि एक कागद जो जवळजवळ कुणीच करत नाही: पाण्याच्या वॉल्व्हचा नकाशा. प्रत्येक वॉल्व्हला तारेने पत्र्याची पट्टी बांधायची, तिच्यावर रंगाने क्रमांक, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये तोच क्रमांक आणि कुठली लाइन ते मराठीत आणि हिंदीत. रात्री अडीचला सातव्या मजल्यावरचा पाइप फुटतो, तेव्हा वॉचमनने सेक्रेटरीला उठवायच्या आधी चार नंबर बंद केलेला असला पाहिजे.